एक तांबडी रेघ मागे घेताना

ऑगस्ट २०१५. पावसाळा निम्मा सरला होता आणि आमच्या भागातल्या विहिरींनी तळ दाखवला होता. धाराशिव जिल्ह्याचं नाव तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद होतं. नववीच्या वर्गाला मी ‘माझं गाव’ या विषयावर इंग्रजीत दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. एका मुलाच्या वहीतली शेवटची ओळ अशी होती : ‘आवर व्हिलेज कुड डू विथ सम रेन.’

मी तिच्यावर तांबड्या पेनाने आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं : कुड म्हणजे भूतकाळातलं शकणे. डू या क्रियापदाला कर्म नाही. विथ चुकीचं. एका ओळीत तीन चुका काढल्याचं समाधान मला तेव्हा वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

मुलगा वही घेऊन टेबलाशी आला. म्हणाला, “सर, कॉमेंट्रीत असंच म्हणतेत की. इंडिया कुड डू विथ अ विकेट.”

“कॉमेंट्री ऐकून व्याकरण शिकत नसतात. जाग्यावर बस.”

तो जाऊन बसला. ती ओळ बरोबर होती आणि मी चूक होतो. ‘कुड डू विथ’ हे तीन शब्द एकत्र आले की त्यांचा अर्थ होतो, ‘मिळालं तर बरं होईल, फार गरज आहे’. गावाला थोडा पाऊस मिळाला तर बरं होईल, एवढंच त्या पोराला म्हणायचं होतं. त्या वर्षी आमच्या जिल्ह्याबद्दल याहून खरं वाक्य कुणी लिहिलं नसेल.

मी इंग्रजीचा शिक्षक. १९९६ साली नोकरीला लागलो. मी स्वतः पाचवीत एबीसीडी शिकलेला. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून इंग्रजी राज्यात २००० साली आलं, तोवर मला शिकवायला लागून चार वर्षं झाली होती. माझ्या शिक्षकांनी मला मोडल ऑक्झिलरी जशा शिकवल्या तशाच मी त्या पुढे शिकवल्या. फळ्यावर एक तक्ता काढायचा. डाव्या बाजूला नऊ शब्द : कॅन, कुड, मे, मायट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. उजव्या बाजूला एकेक मराठी अर्थ : शकणे, शकला, परवानगी, शक्यता, पाहिजे वगैरे. मुलांनी तो उतरवून घ्यायचा, पाठ करायचा, आणि रिकाम्या जागा भरायच्या. क्रियाविशेषणाचा धडा वेगळा, तो दिवाळीच्या आधी. प्रीपोझिशनचा धडा त्याहून वेगळा, तो संक्रांतीच्या सुमारास. या तिघांची गाठ एकमेकांशी पडते, हे माझ्या वर्गात कधी कुणाला दिसलं नाही, कारण मला दिसलं नव्हतं.

आणि माझं दुसरं एक ठाम मत होतं. एकदा तक्ता उतरवून झाला की इंग्रजीच्या तासाला मराठी बंद. मराठी मध्ये आली की इंग्रजी बिघडते, असं मी पालकसभेतसुद्धा सांगायचो. ही दोन्ही मतं मी आज सोडली आहेत. ती कशी सुटली, ते सांगण्यासाठी हे मनोगत.

त्या संध्याकाळी घरी शब्दकोश उघडला. ‘डू’ या शब्दाखाली बराच खाली उतरल्यावर ‘कुड डू विथ’ सापडलं. त्याच्या शेजारीच ‘डू विदाउट’ होतं, म्हणजे एखाद्या गोष्टीवाचून भागवणे. ‘वुई कॅन डू विदाउट टीव्ही’, टीव्हीवाचून आमचं अडत नाही. एका शब्दाने अर्थ पार फिरला. ‘विथ’ असेल तर गरज, ‘विदाउट’ असेल तर गरज नाही. माझ्या शिकवण्यात ‘कुड’ होता, ‘डू’ होता, ‘विथ’ होता. तिघे मिळून काय म्हणतात ते कुठेच नव्हतं.

तरीही माझं मत लगेच बदललं नाही. हा एक वाक्प्रचार आहे, अपवाद आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. वर्गात काहीच बोललो नाही. तीन आठवडे बोललो नाही.

मग दुसरी वही आली. तो मुलगा ऊसतोड कामगाराचा. दसरा-दिवाळीनंतर आमच्याकडची कितीतरी घरं कोयता घेऊन कारखान्याच्या रस्त्याला लागतात. त्याचे आईवडीलही जायचे. वडिलांविषयी त्याने लिहिलं होतं : ‘माय फादर कॅन हार्डली वर्क.’ त्याला म्हणायचं होतं, माझे वडील खूप कष्ट करू शकतात. वाक्याचा अर्थ झाला होता, माझ्या वडिलांच्याने काम होत नाही. ‘ही कॅन वर्क हार्ड’ आणि ‘ही कॅन हार्डली वर्क’ यांच्यात एवढं अंतर आहे. आणि हे अंतर त्याला माहीत नव्हतं, कारण मीच फळ्यावर लिहून दिलं होतं : शब्दाला ‘ली’ लावलं की क्रियाविशेषण तयार. त्याने माझा नियम मुकाट पाळला होता. पहिल्या मुलाने कानाने ऐकून बरोबर लिहिलं, त्याला मी चूक ठरवलं. दुसऱ्याने माझं ऐकून चूक केली. त्या वहीवर मला रेघ मारवेना.

‘मारवेना’ हा शब्द मनात आला तिथेच मी थांबलो. मी मारू शकत नव्हतो, असं नाही. हातात पेन होतं. पण मला मारवेना. मराठीत हा फरक आपण एका क्रियापदाच्या रूपात करून मोकळे होतो. मग मी कागद घेतला आणि ‘जाणे’ हे एक साधं क्रियापद घेऊन लिहीत गेलो :

तो जाऊ शकतो.
त्याने जावं.
त्याला जावं लागेल.
त्याला जाता येईल.
त्याच्याच्याने जाववत नाही.

वाचून पाहिलं आणि इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेली गोष्ट पहिल्यांदा दिसली. मराठीत कर्तव्य, सक्ती, सोय, असमर्थता बदलली की करणाऱ्याचं रूपच बदलतं. तो, त्याने, त्याला, त्याच्याच्याने. ज्याच्यावर सक्ती आहे तो ‘तो’ राहत नाही, ‘त्याला’ होतो. मोरो केशव दामले यांनी १९११ साली प्रसिद्ध केलेल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ असे अर्थ सांगितले आहेत. ते मी परीक्षेपुरते पाठ केले होते. इंग्रजीच्या तासाला त्यांचा काही उपयोग होईल हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

इंग्रजीत करणारा जागचा हलत नाही. ‘ही कॅन’, ‘ही शुड’, ‘ही मस्ट’, ‘ही’ तसाच. मग मराठीत विभक्ती जे ओझं उचलते ते तिथे कोण उचलतं? त्या प्रश्नाने माझा तक्ता मोडला. ते ओझं मोडल शब्द एकटा उचलत नाही. त्याच्या आणि क्रियापदाच्या मध्ये बसलेलं क्रियाविशेषण उचलतं, आणि क्रियापदाच्या मागून येणारं प्रीपोझिशन उचलतं. मोडल शब्दाचा अर्थ संगतीवर ठरतो.

‘कुड’ शब्दाच्या स्पेलिंगमधला एल कुठून आला, तेही मी नंतर वाचलं. मूळ शब्दात एल नव्हताच. ‘शुड’ आणि ‘वुड’ यांच्यात तो पूर्वापार होता. त्यांच्या बरोबरीने वापरता वापरता लिहिणाऱ्यांनी ‘कुड’मध्येही घातला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो. इथे वाणच लागला. अक्षर आलं, उच्चार मात्र आला नाही. मुलांना मी हे सांगतो तेव्हा त्या स्पेलिंगची चूक सहसा परत होत नाही.

पुढच्या महिन्यात अर्जलेखन होतं. गावाला टँकर मिळावा म्हणून गटविकास अधिकाऱ्यांना इंग्रजीत अर्ज लिहा, असं मी सांगितलं. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. टँकर शाळेच्या फाटकावरूनच जायचा. निम्म्याहून जास्त मुलांनी एकच वाक्य लिहिलं : ‘यू मस्ट काइंडली सेंड अ टँकर.’ पूर्वी मी ते खोडून वर बरोबर वाक्य लिहिलं असतं. त्या दिवशी मी स्वतःचाच नियम मोडला आणि ते वाक्य मराठीत मोठ्याने वाचलं : “आपण कृपया टँकर पाठवलाच पाहिजे.”

वर्ग हसला. मी विचारलं, काय बिघडलं? मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, कृपया म्हणायलाव आणि दमबी द्यायलाव.”

तिने जे सांगितलं ते भाषाशास्त्रातलं एक मोठं तत्त्व आहे. जॉन लायन्स यांनी १९७७ सालच्या ‘सिमँटिक्स’ या ग्रंथात मोडल क्रियापद आणि क्रियाविशेषण यांच्या अशा जुळण्याला सुसंवाद म्हटलं आहे. ‘मे’च्या जोडीला ‘पॉसिब्ली’ शोभतं, ‘मस्ट’च्या जोडीला ‘सर्टनली’. दोघांनी एकाच जोराने बोलायचं असतं. ‘मस्ट’ने दरडावायचं आणि ‘काइंडली’ने हात जोडायचे, हे जमत नाही. त्या मुलीला हे कुणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या मराठीत होतं.

मग मी फळ्यावर तीन मराठी वाक्यं लिहिली. तो कदाचित आला असेल. तो बहुधा आला असावा. तो नक्की आला असणार. असेल, असावा, असणार : अंदाजाच्या तीन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला आपापलं क्रियाविशेषण. नंतर मी मुद्दाम अदलाबदल केली : ‘तो नक्की आला असेल कदाचित.’ मुलं म्हणाली, असं कुणी म्हणत नाही. बस, एवढंच मला हवं होतं. त्या पायऱ्यांवर इंग्रजी वाक्यं बसवायला पंधरा मिनिटं लागली. ‘ही मे पॉसिब्ली हॅव कम’, ‘ही हॅज प्रॉबब्ली कम’, ‘ही मस्ट सर्टनली हॅव कम’. मधल्या पायरीवर इंग्रजीने मोडल सोडून नुसत्या क्रियाविशेषणावर भागवलं, हेही मुलांनीच दाखवून दिलं. टँकरच्या अर्जातही मग ‘कुड यू पॉसिब्ली अरेंज फॉर अ टँकर’ असं वाक्य आलं. ‘फॉर’ का, हेसुद्धा एका मुलाने सांगितलं : टँकर मांडून ठेवायचा नाही, टँकरची सोय करायची आहे. ‘ची सोय’ म्हणजे ‘फॉर’. मी पंचवीस वेळा पाठ करायला लावूनही जे बसलं नव्हतं, ते असं बसलं.

सगळंच मराठीवरून जुळतं असं नाही, आणि हे मुलांपासून लपवण्यात अर्थ नाही. उलट जिथे जुळत नाही तिथेच मराठी शेजारी ठेवावी लागते. ‘सहापर्यंत ये’ आणि ‘सहापर्यंत थांब’, दोन्हीकडे आपण ‘पर्यंत’ म्हणतो. इंग्रजी इथे दोन वाटा करते. ‘यू मस्ट कम बाय सिक्स’ आणि ‘यू मस्ट वेट टिल सिक्स’. काम एकदाच होऊन संपायचं असेल तर बाय, चालू राहायचं असेल तर टिल. ‘आय कॅन जॉइन टिल मंडे’ असं नोकरीच्या अर्जात लिहिणारी आमची मुलं हुशार असतात. त्यांचा ‘पर्यंत’ त्यांना दगा देतो, आणि तो कुठे दगा देतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तसंच ‘बहुधा’चं. ‘बहुधा येईल’, ‘बहुधा येणार नाही’, मराठीत त्याची जागा तीच. इंग्रजीत ‘ही विल प्रॉबब्ली कम’, पण नकार आला की ‘ही प्रॉबब्ली वोन्ट कम’. ‘विल’च्या मागे बसलेलं क्रियाविशेषण ‘वोन्ट’च्या पुढे जाऊन बसतं. याचं पाठांतर करून उपयोग नाही. दहा वाक्यं मोठ्याने म्हटली की कान आपोआप ठरवतो.

आणि कधीकधी दोन्ही भाषा अशा शेजारी येतात की अंगावर काटा येतो. घरोघरी आई म्हणते, “सातच्या आत घरात पाहिजेस.” यात ‘येणे’ नाही, ‘असणे’ नाही. नुसतं ‘पाहिजेस’ आणि मागे ‘आत’ न् ‘घरात’. इंग्रजीतही एके काळी मोडलनंतर गतीचं क्रियापद गाळून नुसतं दिशेचं अव्यय चालायचं. ‘आय मस्ट अवे’ असं जुन्या लिखाणात भेटतं. आज तिथे ‘आय मस्ट बी ऑफ’ म्हणतात, म्हणजे नावापुरतं ‘बी’ घातलं, अर्थाचा भार ‘ऑफ’वरच राहिला. ‘यू मस्ट बी इन बाय सेव्हन’ हे वाक्य मी आता त्या आईच्या वाक्यावरून शिकवतो. इन म्हणजे घरात, बाय म्हणजे सातच्या आत. सांगून होण्याआधी मुलं वाक्य पूर्ण करतात.

या बदलावर माझा पुरता विश्वास बसला तो तेरला. सहलीला आम्ही नववीचा वर्ग घेऊन गेलो होतो. तेर म्हणजे आमच्या जिल्ह्यातलं तेरणाकाठचं गाव, संत गोरोबाकाकांचं. आणि त्याआधीचं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात या तगरचा उल्लेख आहे : पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं नगर, जिथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जायचा. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मातीच्या मूर्ती, मणी, नाणी, भांडी मांडलेली आहेत. मी मुलांना म्हटलं, एकेक वस्तू निवडा आणि तिच्याबद्दल अंदाजाचं एक इंग्रजी वाक्य लिहा. खात्री किती आहे ते मोडलने सांगा, जोर कमीजास्त करायचा तो क्रियाविशेषणाने करा, आणि कुठून, कशाने, कुठे ते प्रीपोझिशनने.

एकीने लिहिलं, ‘धिस बीड मे वेल हॅव कम फ्रॉम रोम.’ एकाने, ‘इट कुड हॅव बीन ब्रॉट बाय कार्ट.’ एकाने मातीच्या मूर्तीपुढे उभं राहून, ‘शी मस्ट शुअरली हॅव बीन मेड इन तेर.’ मी विचारलं, तुला एवढी खात्री कशी? म्हणाला, “सर, कुंभाराचं गाव हाय की.” त्याची खात्री त्याच्या ‘मस्ट’मध्ये होती आणि तिचं कारण ‘इन तेर’मध्ये. तिथून जवळच विटांचं त्रिविक्रम मंदिर आहे, मागची बाजू अर्धगोल असलेलं. ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावं असं काही अभ्यासकांचं मत आहे. मुलांनी त्या ‘असावं’साठी ‘मस्ट’ घ्यायचा की ‘मे वेल’, यावर मंदिराच्या पायरीवर बसून वाद घातला. एक म्हणाला, मागची भिंत गोल आहे म्हणून मस्ट. दुसरी म्हणाली, आपण बघायला नव्हतो म्हणून मे वेल. माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत मोडल ऑक्झिलरीवर मुलांनी भांडण केल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. पुराव्याइतकंच बोलावं, हे ती शिकत होती, आणि इंग्रजी त्यासाठी हत्यार झाली होती.

मी काय सोडलं नाही, तेही सांगायला हवं. तक्ता मी अजून काढतो. परीक्षेत रिकाम्या जागा येतात आणि मुलांना गुण हवे असतात. नऊ शब्द पाठ असल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही, असं मला आजही वाटतं. पण तक्ता आता पहिल्या दिवशी येतो आणि दुसऱ्या दिवशी पुसला जातो. तिसऱ्या दिवसापासून एकही मोडल शब्द वर्गात एकटा येत नाही. ‘कॅन’ आला तर ‘कॅन ईझिली’, ‘कॅन हार्डली’, ‘कॅन डू विदाउट’ असा येतो. आणि मराठी बंद ही पाटी मी कायमची काढली. आमची मुलं घरी ‘आला असंल’, ‘जावं लागंल’, ‘माझ्याच्यानं होत नाही’ असं दिवसभर बोलतात. शक्यता, सक्ती, इच्छा, नाइलाज यांचे बारीक पदर ती जन्मापासून ओळखतात. एवढी पुंजी गाठीला असलेल्या मुलाला मी वर्षानुवर्षं रिकाम्या हाताने इंग्रजीच्या दारात उभं केलं. ही माझी मोठी चूक. ‘कुड डू विथ’ माहीत नसणं त्यापुढे लहान होतं.

ती तांबडी रेघ मारल्यावर तीन आठवड्यांनी मी त्या पहिल्या मुलाची चूक सगळ्या वर्गासमोर मागे घेतली. फळ्यावर त्याचं वाक्य लिहिलं, हे बरोबर आहे आणि मी चुकीची रेघ मारली असं सांगितलं, आणि त्याला वही आणायला लावली. रेघेवर सही करून ती रद्द करावी म्हणून. त्याने पक्की वही आणली. निबंध तिच्यात त्याने सुंदर अक्षरात उतरवून काढला होता. ओळी मोजल्या. नऊ होत्या. पावसाची ओळ त्याने गाळली होती, आणि गाव तेवढंच लिहून ठेवलं होतं.

मी त्याला दहावी ओळ परत लिहायला सांगितली. त्याने लिहिली. पण ती लिहिताना त्याने दोनदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं, बरोबर आहे ना म्हणून. पहिल्यांदा लिहिताना त्याने असं पाहिलं नसणार. ते दोनदा पाहणं माझ्यामुळे आलं होतं.

त्यानंतर मुलाच्या वहीत मला न पटणारं इंग्रजी वाक्य दिसलं की मी पेन खाली ठेवतो आणि आधी विचारतो, “कुठं ऐकलंस?”